ऊर्जा उरते, प्रत उतरते

१२ मे १८३३ रोजी अमेरिकेतल्या बॉस्टन बंदरातून 'टस्कनी' नावाचं जहाज निघालं. माल होता बर्फ. मॅसॅच्युसेट्समधल्या गोठलेल्या तळ्यांतून हिवाळ्यात कापून काढलेला १८० टन बर्फ, आणि जायचं होतं थेट कलकत्त्याला. आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून चार महिन्यांनी जहाज हुगळीत शिरलं, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शाबूत होता. फ्रेडरिक ट्यूडर या बर्फाच्या व्यापाऱ्याला तेवढा पुरेसा होता. पुढे मद्रास आणि मुंबईतही हा बर्फ येऊ लागला. मुंबईच्या फोर्ट भागात त्यासाठी खास बर्फघर उभं राहिलं. यंत्राने बर्फ बनवणारे कारखाने भारतात निघेपर्यंत, म्हणजे जवळपास अर्धं शतक, हा धंदा तगला.

वाटेत जे ८० टन वितळले त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं असतं ते उलटं घडलं असतं तर: हिंदी महासागरावरच्या उकाड्यात जहाजाच्या तळाशी साचलेल्या पाण्याने आपली उष्णता हवेला देऊन टाकली, पाण्याचा पुन्हा बर्फ झाला आणि हवा थोडी आणखी तापली. ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही, हा शाळेत पाठ केलेला उष्मागतिकीचा पहिला नियम या घटनेला अजिबात आडकाठी करत नाही. हवेने जेवढं घेतलं, तेवढंच पाण्याने दिलं, जमाखर्च चोख. तरीही असं कधी घडत नाही. का घडत नाही, हे सांगतो उष्मागतिकीचा दुसरा नियम. त्याचा हिशेब ज्या राशीत मांडतात ती एन्ट्रॉपी.

हा हिशेब वाटतो तितका अवघड नाही. रसवंतीवरच्या बर्फाच्या लादीतला एक किलोचा तुकडा ३० अंश तापमानाच्या खोलीत ठेवला, तर पूर्ण वितळण्यासाठी तो खोलीकडून ३,३४,००० जूल उष्णता घेतो. एन्ट्रॉपीतला बदल काढायचा तर या उष्णतेला तापमानाने भागायचं. तापमान मात्र केल्विनमध्ये घ्यायचं, म्हणजे सेल्सियसच्या आकड्यात २७३ मिळवायचे. बर्फाचं तापमान २७३ केल्विन. भागाकार येतो १,२२३. ही बर्फाची जमा. खोलीचं तापमान ३०३ केल्विन. तिच्या खात्यातून वजा झाले १,१०२. उष्णता दोन्हीकडे तेवढीच, पण थंड बाजूला भाजक लहान असल्यामुळे तिथला आकडा मोठा. एकूण एन्ट्रॉपी १२१ एककांनी वाढली. पाण्याचा आपोआप बर्फ व्हायचा तर हीच बेरीज १२१ने घटावी लागेल. दुसरा नियम म्हणतो की बाहेरच्या कशाशीही देवघेव नसलेल्या व्यवस्थेत एन्ट्रॉपीची एकूण बेरीज कधीही घटत नाही. एक तर तेवढीच राहते, नाही तर वाढते.

नियम दिशा सांगतो, वेग सांगत नाही. बर्फ वितळणार हे नक्की, पण चार तासांत की चार महिन्यांत, यावर नियमाचं काही म्हणणं नाही. ट्यूडरचा सगळा व्यापार या फटीत उभा होता. मोठमोठ्या लाद्या एकमेकींना चिकटून रचल्या की उघडा पृष्ठभाग कमी राहतो, आणि भोवती उष्णता अडवणारा जाड थर दिला की वितळणं रेंगाळतं.

कोळशाच्या हिशेबातून निघालेला नियम

या नियमाचा उगम वाफेच्या इंजिनात आहे. १७१२ साली टॉमस न्यूकोमेनचं इंजिन इंग्लंडमधल्या डडलीजवळच्या कोळशाच्या खाणीतलं पाणी उपसू लागलं. जळणाऱ्या कोळशातल्या ऊर्जेपैकी एक टक्कासुद्धा त्याच्या कामी येत नव्हता, पण खाणीच्या तोंडावर कोळशाला काय तोटा? पुढे जेम्स वॉटने वाफ थंड करण्यासाठी वेगळं पात्र जोडलं, १७६९मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि कोळशाचा खर्च झपाट्याने खाली आणला. मग इंजिनांमध्ये सुधारणांची चढाओढ लागली. ही चढाओढ कुठे तरी थांबणार की इंजिनं सुधारतच राहणार, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं.

उत्तर दिलं सादी कार्नो या तरुण फ्रेंच लष्करी अभियंत्याने. १८२४ साली, वयाच्या २८व्या वर्षी, त्याने आगीच्या चालकशक्तीवर एक छोटं पुस्तक स्वखर्चाने छापलं. त्यातला निष्कर्ष असा: इंजिन कितीही कसबाने घडवा, त्याच्या कामगिरीची कमाल मर्यादा फक्त दोन तापमानांवर ठरते. उष्णता जिथून येते ते गरम टोक आणि ती जिथे जाते ते थंड टोक. आत वाफ आहे, हवा आहे की अल्कोहोल, याने मर्यादा बदलत नाही. नुसत्या उष्णतेतून काम निघत नाही. तापमानात फरक असावा लागतो. धबधब्याचं पाणी उंचावरून खाली पडताना चक्र फिरवतं, तशी उष्णताही गरमाकडून थंडाकडे जाताना काम करते, असं त्याने मांडलं होतं.

पुस्तकाची फारशी कुणी दखल घेतली नाही. १८३२च्या कॉलऱ्यात कार्नो ३६व्या वर्षी गेला आणि संसर्गाच्या भीतीने त्याच्या सामानाबरोबर बहुतेक कागदपत्रंही नष्ट झाली. दोन वर्षांनी एमील क्लापेरोंने त्याच्या कल्पनेवर लेख लिहिला, तो वाचून विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्विन, १८४५मध्ये पॅरिसच्या पुस्तकांच्या दुकानांतून मूळ पुस्तक शोधत फिरला. एका दुकानदाराने 'कार्नो' म्हणताच मोठ्या उत्साहाने एक पुस्तक पुढे केलं. ते निघालं सादीच्या भावाचं, समाजप्रश्नांवरचं.

दरम्यान मँचेस्टरजवळ बिअरच्या कारखानदाराचा मुलगा जेम्स जूल वेगळंच दाखवत होता. वरून सोडलेल्या वजनाच्या जोरावर पाण्यात वल्ही फिरवली की पाणी तापतं, आणि किती कामामागे किती तापतं याचं प्रमाण ठरलेलं आहे. म्हणजे कामाचं उष्णतेत रूपांतर होतं, आणि ते शंभर टक्के होतं. कार्नोच्या पुस्तकात मात्र उष्णतेतून मिळणाऱ्या कामाला कमाल मर्यादा होती. १८५०मध्ये जर्मन पदार्थवैज्ञानिक रुडॉल्फ क्लॉसियसने दाखवलं की दोघांचंही बरोबर आहे, फक्त हे दोन स्वतंत्र नियम आहेत. १८६५मध्ये त्याने उष्णता भागिले तापमान या राशीला एन्ट्रॉपी हे नाव दिलं. कामाकडून उष्णतेकडे जाणारा रस्ता सताड उघडा. परतीच्या वाटेवर मात्र जकात नाका.

ही जकात चुकवू पाहणाऱ्यांत जॉन गॅमजीचं नाव घ्यायला हवं. १८७६मध्ये लंडनमध्ये यंत्राने गोठवलेल्या बर्फाचं स्केटिंगचं मैदान उभारणारा हाच तो पशुवैद्य. काही वर्षांनी त्याने अमेरिकी नौदलापुढे 'झीरोमोटर'ची योजना ठेवली. अमोनिया शून्याखाली ३३ अंशांनाच उकळतो, मग समुद्राच्या पाण्याच्या साध्या उबेवर त्याची वाफ होईल, ती इंजिन चालवेल, आणि प्रसरण पावताना गार होऊन पुन्हा द्रवरूप होईल. कोळसा नको, बॉयलर नको. नौदलाच्या मुख्य अभियंत्याने अनुकूल अहवाल दिला आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांनी यंत्र पाहिलं. घोडं अडलं ते परतीच्या टप्प्यावर. वाफ पुन्हा द्रवरूप करायची तर तिच्याहून थंड असं काही तरी लागतं, आणि जहाजावर तसं काहीही नव्हतं.

समुद्रात उष्णता कमी आहे असं मुळीच नाही. अरबी समुद्राचं एक घन किलोमीटर पाणी एक अंशाने थंड केलं, तर ११० कोटी युनिटहून अधिक विजेइतकी ऊर्जा बाहेर पडेल. पण ती कुठे पडणार? खालचं टोक नसेल तर ही सगळी दौलत कागदावरच राहते. जिथे ते टोक आहे, तिथे मात्र समुद्र काही तरी देतो. लक्षद्वीपमधल्या कवरत्ती बेटावर चेन्नईच्या राष्ट्रीय सागर प्रौद्योगिकी संस्थेने २००५मध्ये समुद्राच्या पाण्यापासून रोज एक लाख लिटर गोडं पाणी करणारा प्रकल्प सुरू केला. पृष्ठभागाचं पाणी साधारण २८ अंशांचं, ३५० मीटर खोलीवरचं सुमारे १३ अंशांचं. वरचं पाणी कमी दाबाखाली वाफेत बदलतं, खालून उपसलेल्या थंड पाण्यामुळे ती वाफ द्रवरूप होते. याच १५ अंशांच्या फरकावर इंजिन चालवायचं ठरवलं, तर कार्नोची मर्यादा जेमतेम पाच टक्के भरते.

चंद्रपूरची ढगाएवढी वाफ

२,९२० मेगावॅट क्षमतेच्या चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राकडे लांबून पाहिलं की आधी नजरेत भरतात कूलिंग टॉवर आणि त्यांच्या माथ्यावरून निघणारी पांढरी वाफ. अनेकांना तो धूर वाटतो. खरं तर ते बाष्पीभवन होऊन गेलेलं पाणी असतं, आणि ते सोबत घेऊन जातं ती उष्णता कोळशातून आलेली असते. अशा केंद्रांत कोळशातल्या शंभर भाग ऊर्जेपैकी वीज होते ती साधारण ३५ ते ३८ भागांची. उरलेला बराचसा वाटा या टॉवरांवाटे हवेत जातो.

हा निव्वळ ढिसाळपणा असता तर चांगल्या अभियंत्यांनी तो केव्हाच थांबवला असता. पण यात एन्ट्रॉपीचा हिशेब आहे. टर्बाइनकडे येणारी वाफ सुमारे ५४० अंशांची, म्हणजे ८१३ केल्विनची असते. या तापमानाला आलेल्या प्रत्येक ८१३ जूल उष्णतेबरोबर एन्ट्रॉपीचं एक एकक आत येतं. विजेबरोबर एन्ट्रॉपी बाहेर जात नाही. वीज ही जणू धुतलेली, निवडलेली ऊर्जा. मग आत आलेलं ते एकक जाणार कुठे? ते यंत्रातच साचू दिलं तर चक्र पुन्हा मूळ स्थितीला येणार नाही. ते उष्णतेच्या रूपानेच बाहेर टाकावं लागतं. कंडेन्सरचं तापमान ४५ अंश, म्हणजे ३१८ केल्विन धरलं, तर त्या एका एककामागे ३१८ जूल टाकून देणं भाग पडतं. उरले ४९५. आदर्श यंत्रातही ८१३ जूलमधून एवढीच वीज मिळेल, म्हणजे ६१ टक्के. प्रत्यक्षात पाणी तापायला लागतं तेव्हा त्याचं तापमान बरंच कमी असतं, घर्षण असतं, धुराड्यातून उष्णता निसटते. म्हणून आकडा आणखी घसरतो.

टाकलेल्या उष्णतेची किंमत पाण्यात मोजावी लागते. केंद्र सरकारने २०१५मध्ये कूलिंग टॉवर असलेल्या तत्कालीन औष्णिक केंद्रांना घालून दिलेली मर्यादा एका मेगावॅट-तासामागे साडेतीन घनमीटर पाण्याची आहे. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला, तर या दराने तासाला साडेसतरा लाख लिटर. चंद्रपूरच्या केंद्रासाठी इरई धरण आहे. कोराडीच्या केंद्रात नागपूर शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरलं जातं.

एवढी जकात भरून मिळवलेली वीज स्नानघरातल्या गीझरमध्ये जाते आणि पाणी ५० अंशांपर्यंत तापवते, तेव्हा पहिल्या नियमाच्या नजरेतून सगळं आलबेल असतं. वीज जवळजवळ शंभर टक्के उष्णतेत बदलली, वाया काही गेलं नाही. दुसऱ्या नियमाच्या नजरेतून मात्र ही उधळपट्टी आहे. ज्या ऊर्जेतून मोटार, दिवा, संगणक काहीही चालू शकलं असतं, ती कोमट पाण्यात मुरली. ऊर्जा तेवढीच राहिली, प्रत उतरली. याच कामाला छतावरचा सौर बंब पुरतो, कारण त्याला तेवढ्याच प्रतीची उष्णता हवी असते आणि उन्हात ती सहज मिळते.

फ्रिज आणि एसी हा उलटा कारभार आहे: थंडाकडची उष्णता उचलून गरमाकडे नेणं. नियम याला मनाई करत नाही, फक्त फुकट करू देत नाही. दुकानात 'दीड टनाचा' म्हणून विकला जाणारा एसी चोवीस तासांत दीड टन बर्फ वितळल्याने जितकी उष्णता शोषली जाईल, तितकी खोलीतून काढतो. हे माप अमेरिकेतल्या बर्फाच्या व्यवहारातून आलं, आणि तिथला टन ९०७ किलोचा. म्हणजे सुमारे सव्वापाच किलोवॅट उष्णता आतून बाहेर, आणि त्यासाठी खाल्लेली दीडेक किलोवॅट वीजही शेवटी उष्णता होऊन बाहेरच. त्यामुळे शेजाऱ्याच्या खिडकीकडे तोंड केलेलं बाहेरचं युनिट आतल्या गारव्यापेक्षा नेहमी जास्त उष्णता ओकतं. फ्रिजचं दार उघडं ठेवून स्वयंपाकघर गार करायला गेलं तर ते तापतं, तेही याच कारणाने.

शक्यतांची मोजदाद

क्लॉसियसने एन्ट्रॉपी मोजायला शिकवलं, पण ती का वाढते, हे त्याच्या समीकरणांतून कळत नव्हतं. ते उलगडलं व्हिएन्नाच्या लुडविग बोल्ट्झमनने, १८७७मध्ये. पदार्थ अणुरेणूंचा बनलेला आहे हे त्या काळी अनेक मोठ्या वैज्ञानिकांना मान्य नव्हतं. बोल्ट्झमनने ते गृहीत धरलं आणि एक साधा प्रश्न विचारला: बाहेरून एकसारखीच दिसणारी स्थिती आतल्या रेणूंच्या किती वेगवेगळ्या मांडण्यांमधून तयार होऊ शकते?

शंभर नाणी उधळून पाहू. सगळीच्या सगळी छापा पडण्याची मांडणी एकच आहे. बरोबर पन्नास छापा आणि पन्नास काटा पडण्याच्या मांडण्या मात्र १ वर २९ शून्यं इतक्या आहेत. विश्वाच्या जन्मापासून, म्हणजे १,३८० कोटी वर्षं, सेकंदाला दहा लाख वेळा ही नाणी उधळली असती, तरी सगळी छापा पडण्याची शक्यता नगण्यच राहिली असती. ही झाली शंभर नाण्यांची गोष्ट. चार बाय तीन मीटरच्या खोलीतल्या हवेत रेणू असतात सुमारे ९ वर २६ शून्यं इतके. ते सगळे अचानक एका कोपऱ्यात गोळा होऊन बाकीची खोली निर्वात होण्यावर बंदी नाही. फक्त तशा मांडण्या इतक्या मोजक्या आणि पसरलेल्या मांडण्या इतक्या अफाट, की ते घडत नाही. एन्ट्रॉपी वाढते याचा अर्थ एवढाच, की व्यवस्था कमी मांडण्यांच्या स्थितीकडून जास्त मांडण्यांच्या स्थितीकडे सरकते. व्हिएन्नातल्या बोल्ट्झमनच्या समाधीवर एन्ट्रॉपी आणि मांडण्यांची संख्या यांना जोडणारं सूत्र कोरलेलं आहे. १९०६मध्ये त्याने आत्महत्या केली. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच पॅरिसमध्ये जाँ पेरँच्या प्रयोगांनी अणूंविषयीची शंका जवळपास मिटवली.

एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था किंवा पसारा, अशी सोपी व्याख्या सर्रास दिली जाते. ती चुकीची नाही, पण फसवी आहे; मोजायच्या असतात त्या शक्यता. हे पडताळायला रबरबँड पुरतो. जरा रुंद रबरबँड झटकन ताणून लगेच ओठाला लावला तर तो उबदार लागतो. ताणलेलाच धरून तो हवेच्या तापमानाला येऊ द्यायचा, मग सैल सोडून पुन्हा ओठाला लावायचा: आता गार. रबराचे लांबलचक रेणू सैल असताना हव्या त्या पद्धतीने वळून बसू शकतात. ताणले की सगळे एका दिशेला सरळ होतात आणि शक्यता घटतात. ती घट उष्णतेच्या रूपाने भरून निघते. ताणलेल्या रबराला वजन लटकवून गरम हवा दिली तर वजन किंचित वर उचललं जातं. धातूची तार तापल्यावर लांबते, ताणलेलं रबर आखडतं. त्याला मागे खेचणाऱ्या बळाचा मोठा भाग निव्वळ शक्यतांच्या हिशेबातून आलेला असतो.

शक्यतांचा नियम म्हटल्यावर पळवाट शोधणारेही आले. १८६७मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलने मित्राला लिहिलेल्या पत्रात एका चलाख द्वारपालाची कल्पना मांडली. डब्यात मधोमध पडदा, त्यात चिमुकलं दार. द्वारपाल वेगवान रेणूंना एकीकडे आणि सुस्त रेणूंना दुसरीकडे जाऊ देतो. काहीच श्रम न करता एक बाजू तापते, दुसरी थंड होते. 'मॅक्सवेलचा राक्षस' म्हणून प्रसिद्ध झालेल्या या द्वारपालाने वैज्ञानिकांना शतकभर छळलं. त्याचं बिंग फुटलं ते संगणकाच्या जमान्यात. प्रत्येक रेणूची नोंद ठेवणाऱ्या राक्षसाला कधी तरी पाटी पुसावी लागते. १९६१मध्ये आयबीएमच्या रॉल्फ लँडाउअरने दाखवलं की माहितीचा एक बिट पुसला की किमान ठरावीक उष्णता बाहेर पडतेच, आणि चार्ल्स बेनेटने पुढे त्याच्या आधारे राक्षसाचा हिशेब पुरा केला. नेहमीच्या तापमानाला ही उष्णता म्हणजे एका जूलच्या अब्जांशाच्या अब्जांशाचे फक्त तीन सहस्रांश. एवढी सूक्ष्म असूनही २०१२मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरात पाण्यातला काचेचा सूक्ष्म मणी लेझरच्या झोतात पकडून ती मोजली गेली. आजचे संगणक या किमान मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक उष्णता टाकतात, म्हणून डेटा सेंटरांचा मोठा खर्च गारव्यावर होतो.

सूर्याकडून नेमकं काय मिळतं

मग बीजातून झाड कसं होतं? अंड्यातून पिल्लू कसं येतं? विखुरलेल्या रेणूंतून इतकी नेटकी रचना घडते, तेव्हा दुसरा नियम मोडला असं वाटू शकतं. पण नियम एकूण बेरजेचा आहे. एका खात्यात घट झाली तर दुसऱ्या खात्यात त्याहून मोठी वाढ दाखवावी लागते. एर्विन श्रोडिंगरने १९४३मध्ये डब्लिनमधल्या व्याख्यानांत हा मुद्दा ठसवला: सजीव स्वतःची रचना टिकवतात ते भोवतालची एन्ट्रॉपी वाढवून. दिवसाला दोन हजार कॅलरी खाणारा माणूस जवळपास तितकीच ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर टाकतो, म्हणजे सतत सुमारे १०० वॅट. संध्याकाळच्या विरार लोकलच्या डब्यात उकडतं त्याला नुसतं हवामान जबाबदार नसतं.

पृथ्वीचा कारभारही असाच चालतो. सूर्याकडून जितकी ऊर्जा येते, जवळजवळ तितकीच पृथ्वी अवकाशात परत पाठवते; ती साठून राहिली असती तर पृथ्वी केव्हाच भाजून निघाली असती. हरितगृह वायूंमुळे या देवघेवीत पडलेली किरकोळ तूटसुद्धा हवामानबदल घडवते आहे. मग पृथ्वीला मिळतं काय? मिळते ती प्रत. सूर्याचा प्रकाश साधारण ५,८०० केल्विन तापमानाच्या पृष्ठभागावरून येतो, पृथ्वी परत पाठवते ती सुमारे २५५ केल्विनला साजेशी अवरक्त उष्णता. हिशेब केला तर आत येणाऱ्या प्रकाशाच्या एका कणामागे बाहेर जातात वीसेक कण. ऊर्जा तेवढीच, पण सुटे झालेली. बंद्या नोटेचे सुटे होताना मधल्या मध्ये वारा वाहतो, पाऊस पडतो आणि पानं साखर बनवतात.

त्या साखरेचा सगळ्यात ओळखीचा मुक्काम म्हणजे ऊस, आणि दुसऱ्या नियमाची कसोटी पाहायची तर पश्चिम महाराष्ट्रात फार लांब जावं लागत नाही. गुऱ्हाळात चुलवाणात चिपाडं धडधडून जळतात. ज्वाळेचं तापमान शेकडो अंशांत, आणि वरच्या काहिलीतला रस उकळतो शंभर अंशांच्या आसपास. गूळ उतरवायच्या वेळी तो साधारण ११८ अंशांवर जातो. ज्वाळा आणि रस यांच्यामधल्या एवढ्या मोठ्या फरकातून काहीही काम न काढता उष्णता थेट खाली उतरते. रसातून निघालेली वाफही मोकळ्या हवेत जाते. गुळव्याच्या नजरेत मात्र सगळं जळण कामी लागलेलं असतं.

साखर कारखान्यात याच दोन जागी हात घातला जातो. दुसऱ्या जागेचा इलाज आधी सापडला. न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेल्या नॉर्बर्ट रिल्यूने १८४३मध्ये एकापुढे एक जोडलेल्या बंद भांड्यांचं पेटंट घेतलं. तोवर लुईझियानात गुलाम मजूर उकळता रस पळ्यांनी एका उघड्या कढईतून दुसरीत ओतत. रिल्यूच्या रचनेत पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्या भांड्याला तापवते. दुसऱ्यात दाब कमी ठेवल्यामुळे तिथला रस कमी तापमानाला उकळतो, त्याची वाफ तिसऱ्याला. चार भांडी असतील तर एक किलो वाफेवर ढोबळमानाने चार किलो पाणी आटतं. आजही प्रत्येक साखर कारखान्यात हे इव्हॅपोरेटर असतात.

पहिल्या जागेचा इलाज म्हणजे सहवीजनिर्मिती. दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं आणि गाळप हंगाम सुरू झाला की चिपाडाच्या भुश्यावर, म्हणजे बगॅसवर, उच्च दाबाची, पाचशे अंशांच्या आसपासची वाफ तयार होते. ती सरळ रसाकडे जात नाही. आधी टर्बाइन फिरवते आणि साधारण १२० ते १३० अंशांवर येऊन मग इव्हॅपोरेटरमध्ये शिरते. रस आटवायला तेवढंच तापमान पुरतं. चंद्रपूरमध्ये जी उष्णता टॉवरमधून उडवून द्यावी लागते, ती इथे कारखान्याचं मुख्य काम करते. म्हणून जुन्या कमी दाबाच्या बॉयलरवर जेमतेम स्वतःपुरती वीज करणारे कारखाने नव्या उच्च दाबाच्या बॉयलरवर तेवढ्याच बगॅसमधून महावितरणला विकण्याइतकी वीज काढतात. आता कारखान्यांच्या तांत्रिक बैठकांत चर्चा असते ती एक टन ऊस गाळायला किती वाफ लागते याची. जुन्या रचनेत हे प्रमाण उसाच्या वजनाच्या निम्म्याजवळ असायचं, नव्या रचनेत ते ४० टक्क्यांच्या खाली आणलं जातं. इव्हॅपोरेटरच्या कोणत्या भांड्यातली वाफ काढून कच्चा रस तापवायचा आणि कोणती साखरेचे दाणे पाडणाऱ्या पॅनला द्यायची, यावर हे गणित बसतं. एका-एका टक्क्याच्या बचतीतून विक्रीसाठी किती युनिट सुटतील, ते हंगामाआधीच मांडून ठेवलेलं असतं.